राष्ट्रपतिपद आणि युद्धाचा अधिकार

सीमेवर काही गडबड झाल्याची वार्ता नभोवाणीवरून येते, तेव्हा जळगाव-धुळ्याकडील कित्येक घरांतील बोलणी एकाएकी थांबतात. ज्या घरचा मुलगा लष्करात आहे, त्या घरात तर वार्ता संपल्यावरही बराच वेळ कोणी बोलत नाही. अशा वेळी सर्वांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. आता पुढे काय करावयाचे, हे ठरविणार कोण? दिल्लीतील कोणाच्या शब्दाने फौजा हलतात, आणि तो शब्द उच्चारणाऱ्यास जाब विचारणारा कोणी आहे काय?

हा प्रश्न खानदेशला नवा नाही. १९३६ सालच्या डिसेंबर महिन्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन त्या वेळच्या पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले राष्ट्रसभेचे ते पहिलेच अधिवेशन होय. पंडित जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. राष्ट्रसभेच्या अध्यक्षास त्या काळी लोक 'राष्ट्रपति' म्हणत. त्या राष्ट्रपतीजवळ ना फौज होती, ना खजिना. होते ते केवळ लोकमत. तथापि, साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थान सहभागी होणार नाही, ही आपली पूर्वीची भूमिका राष्ट्रसभेने तेथे पुनश्च बोलून दाखविली.

पुढे तीन वर्षांच्या आतच ह्या शब्दाची कसोटी लागली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. देशाच्या एकाही पुढाऱ्याचा विचार त्यांनी घेतला नव्हता. एका माणसाच्या घोषणेने कोट्यवधी लोक युद्धात ओढले गेले, आणि राष्ट्रसभेच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे देऊन आपला निषेध नोंदविला. एकाच हाती असा अधिकार असणे म्हणजे काय, ह्याचा धडा देशाला त्या दिवशी मिळाला.

परंतु हा धोका केवळ परक्या सत्ताधीशापासूनच असतो, असे मात्र नव्हे. १९३७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपति' ह्या मथळ्याचा एक लेख 'चाणक्य' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. जवाहरलालांची लोकप्रियता वाढत आहे, त्यांच्यावर लक्ष ठेवावे, हा मनुष्य हुकूमशहाही होऊ शकेल, असा त्याचा आशय होता. त्या लेखाचा कर्ता दुसरा कोणी नसून स्वतः जवाहरलालच होते, हे मागाहून उघडकीस आले. अधिकार कितीही सज्जन माणसाच्या हाती असो, त्यावर पहारा हवाच, हे त्यांनी स्वतःकडेच बोट दाखवून सांगितले होते.

हाच विचार अमेरिकेच्या राज्यघटनाकारांनी त्या लेखाच्या दीडशे वर्षे आधी केला होता. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेल्या त्या लोकांनी इंग्लंडच्या राजाचा कारभार भोगलेला होता. म्हणून त्यांनी अधिकाराचे तुकडे केले. अध्यक्ष हा सैन्याचा सरसेनापती. परंतु युद्ध पुकारण्याचा आणि सैन्याच्या खर्चास मंजुरी देण्याचा अधिकार कायदेमंडळाचा. तह अध्यक्षाने करावा. परंतु सीनेटच्या हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती मिळाल्यावाचून तो पक्का होऊ नये. ही अट केवळ कागदावरची नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन ह्यांनी जातीने व्हर्सायला जाऊन तह घडवून आणला, आणि त्यांच्याच देशाच्या सीनेटने तो १९१९ व १९२० साली फेटाळून लावला.

तहांच्या बाबतीत हा बांध टिकला. युद्धाच्या बाबतीत मात्र तो हळूहळू खचला. अमेरिकेच्या कायदेमंडळाने रीतसर युद्ध पुकारल्याचा शेवटचा प्रसंग १९४२ सालचा. त्यानंतर १९५० साली अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी अशा घोषणेवाचूनच कोरियात सैन्य धाडले. १९६४ साली टोंकिनच्या आखातातील घटनेवरून कायदेमंडळाने अध्यक्ष जॉन्सन ह्यांना एका ठरावाने जवळजवळ मोकळीक दिली, आणि व्हिएतनामचे युद्ध वर्षानुवर्षे चालले. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशचे युद्ध चालू असता अध्यक्ष निक्सन ह्यांनी 'एंटरप्राइज' ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे रवाना केली. त्यासाठी त्यांना कोणाचे मत घ्यावे लागले नाही. ह्या अध्यक्षीय सत्तेची छाया हिंदुस्थानवर इतकी स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी पडली नसेल.

अखेर १९७३ साली निक्सन ह्यांचा नकाराधिकार डावलून कायदेमंडळाने एक कायदा केला. अध्यक्षाने सैन्य लढाईत उतरविल्यास अठ्ठेचाळीस तासांत कळवावे, आणि मंजुरी न मिळाल्यास साठ दिवसांत लढाई थांबवावी, असे त्यात ठरले. माघारीसाठी आणखी तीस दिवसांची सवलत ठेवली गेली. परंतु २०११ साली लिबियावरील हल्ले साठ दिवसांपलीकडे गेले, तेव्हा ह्या हल्ल्यांना कायद्यातील अर्थाने लढाई म्हणता येत नाही, असा युक्तिवाद अध्यक्ष ओबामा ह्यांच्या सरकारने केला. शब्दांचा अर्थ लावणे ज्याच्या हाती, त्याला कायद्यातून वाट काढणे फारसे कठीण जात नाही.

आता आपल्या घटनेकडे वळू. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी हा भेद स्पष्ट केला. राष्ट्रपति हे नाव ऐकून अमेरिकेच्या अध्यक्षाची आठवण होईल, परंतु नावापलीकडे दोघांत साम्य नाही. हिंदी राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, असे त्यांनी सांगितले. त्रेपन्नाव्या कलमाने संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतीस दिले. पण चौऱ्याहत्तराव्या कलमाने त्यास मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची जोड दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली शमशेरसिंग खटल्यात ह्याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हा सल्ला राष्ट्रपतीवर स्पष्टपणे बंधनकारक झाला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतीस दिली.

ह्या व्यवस्थेचे प्रत्यक्ष दर्शन खानदेशच्याच एका कन्येच्या कारकिर्दीत घडले. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या आणि १९६२ साली जळगावातून विधानसभेवर निवडून आलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपति झाल्या. ह्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेशी करावयाच्या अणुकरारावरून देशात वादळ उठले. डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि तसे पत्र राष्ट्रपतींकडे दिले. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत पंतप्रधान मनमोहनसिंग ह्यांनी २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासाचा ठराव जिंकला. तिकडे अध्यक्ष बुश ह्यांनाही कायदेमंडळाची मंजुरी मिळवावी लागली; सीनेटने ती १ ऑक्टोबर रोजी ८६ विरुद्ध १३ मतांनी दिली. करार एकच; परंतु अमेरिकेत तो अध्यक्षाच्या धोरणाचा विषय होता, तर इकडे तो मंत्रिमंडळाच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला. आपल्या राष्ट्रपतींनी कराराच्या बाजूने वा विरुद्ध कौल द्यावयाचा नव्हता. राज्य करणाऱ्यांच्या पाठीशी बहुमत आहे किंवा नाही, एवढे पाहणे त्यांचे काम होते.

पुढे २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून प्रतिभाताईंनी सुखोई लढाऊ विमानातून उड्डाण केले. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. संरक्षणदलांच्या सर्वोच्च अधिपती विमानात मागील आसनावर होत्या, आणि विमान चालविणारा वैमानिक पुढे होता. त्यांचा मान यत्किंचितही कमी नव्हता; परंतु सुकाणू दुसऱ्याच्या हाती होते. घटनेतही नेमके असेच आहे.

मग आपली व्यवस्था निर्दोष आहे काय? तसे म्हणता येणार नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणात लढाई चालू असतानाच संसद भरली, सरकारला खडे बोल ऐकावे लागले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांना पद सोडावे लागले, आणि महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण त्या जागी दिल्लीस गेले. ह्याला जबाबदार राज्यपद्धती म्हणतात. परंतु १९९९ साली कारगिलचे युद्ध पेटले तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली होती. नियंत्रणरेषा ओलांडावयाची नाही, हा महत्त्वाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. निर्णय संयमाचा होता. पण त्याचा जाब विचारणारी लोकसभाच त्या वेळी नव्हती. शिवाय युद्ध पुकारण्यापूर्वी किंवा तह करण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे आपली घटना कोठेही म्हणत नाही. अमेरिकेच्या घटनेने जे बंधन लिहून ठेवले आणि व्यवहारात सैल होऊ दिले, ते आपल्या घटनेने लिहिलेच नाही. तिने सारा भार मंत्रिमंडळाच्या जबाबदारीवर टाकला.

ही जबाबदारी जागी ठेवण्याचे काम शेवटी कोणाचे? कलमे कागदावर असतात. ती राबविणारे लोक आपण निवडून देतो. फैजपूरच्या राष्ट्रपतीजवळ फौज नव्हती, पण हजारो लोक उन्हातान्हातून पायी चालत त्याचे ऐकावयास आले होते आणि युद्धाचा प्रश्न आपला मानीत होते. आज फौज आहे, संसद आहे, मतपेटीही आहे. निवडणुकीच्या वेळी रस्ता, पाणी आणि कापसाचा भाव ह्यांविषयी उमेदवारास प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारावा: युद्धाचा प्रसंग आला, तर सरकारकडून सभागृहात उभे राहून जाब मागाल काय? वार्ता ऐकून ज्या घरात शांतता पसरते, त्या घराचा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रसंग येण्यापूर्वीच मिळालेले बरे.