सेलबर्नची शिरगणती

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न हे लहानसे खेडे. नैर्ऋत्येस बीचवृक्षांनी झाकलेली खडूची टेकडी, तिच्या पायथ्याशी गावचा एकच लांब रस्ता. जवळच्या नोअर टेकडीवरील झऱ्यांचे पाणी दोन समुद्रांना जाते : एक ओढा थेम्सवाटे, दुसरा अरन नदीवाटे.

येथला गिल्बर्ट व्हाइट पक्षिनिरीक्षक म्हणून विख्यात. पण या चर्चच्या सेवकाने माणसेही तितक्याच निगुतीने मोजली. इंग्लंडची पहिली सरकारी शिरगणती १८०१ ची. तिच्या १८ वर्षे आधी, ४ ऑक्टोबर १७८३ रोजी, त्याने नोंदविले : कुटुंबे १३६, रस्त्यावरच्या वस्तीत ३१३ माणसे, उरल्या शिवारात ३६३, एकूण ६७६. म्हणजे निम्म्याहून अधिक गाव गावाबाहेरच नांदत होते!

१७२० ते १७७९ या साठ वर्षांत बाप्तिस्मे झाले ९८०, दफने ६४०. व्हाइटचे आजोबा येथे धर्मोपदेशक होते, त्यांच्या काळी वस्ती अदमासे ५०० होती. ढोबळ हिशेबाने ती ८४० व्हावयास हवी, भरली ६७६. उरलेले दीडशेवर जीव पोटामागे परगावी गेले असले पाहिजेत. चर्चच्या वहीत जन्म चढतो, दफन चढते. गाव सोडणे चढत नाही.