जवसाचं तेल, तरवडाचं फूल आणि आपली नजर



आज कर्जाच्या हप्त्याचं बोलायचं नाही आणि शेळीपालनाचंही नाही. आज बोलायचं आहे ते शिवारात बसून रंगानं चित्र काढण्याबद्दल. तेही तैलरंगानं, म्हणजे ऑइल पेंटनं. ऐकूनच काहीजणी हसल्या असतील. खुरपं, विळा, भाकरीची दुरडी यांतून सुटका होईना आणि ह्या बाया म्हणतात चित्र काढा! हसा खुशाल, पण दहा-पंधरा मिनिटं ऐका.

आधी एक प्रश्न विचारतो. तैलरंगातलं हे 'तैल' कशाचं असतं? आमच्या बैठकीत विचारलं तेव्हा कुणी म्हणालं रॉकेल, कुणी म्हणालं डिझेल. ते असतं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. रंगाची बारीक भुकटी जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो.

आता जवसच का? शेंगदाण्याचं तेल फळीवर सांडलं तर ते वर्षभर चिकट राहतं, वाळत नाही. जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा कडक पापुद्रा बनतो. त्या पापुद्र्यात रंग धरून राहतो, म्हणून तैलचित्र शेकडो वर्षं टिकतं. करडईचं तेलही असंच वाळणारं आहे. जवसाचं तेल काळानं थोडं पिवळं पडतं, करडईचं कमी पडतं. म्हणून पांढरा आणि फिके रंग घोटायला करडईचं तेल वापरतात. जवस आणि करडई ही आपल्या मराठवाड्याची रब्बीची पिकं. लातूरला गळीतधान्यांचं संशोधन केंद्र आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या करडईच्या वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे. म्हणजे रंगाची नळी परगावच्या दुकानातली असली, तरी तिच्या पोटात आपल्या शेतातलं तेल असू शकतं.

ही नळीसुद्धा फार जुनी नाही. पूर्वी युरोपात चित्रकार घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ती पिशवी एकदा टोचली की रंग लवकर खराब व्हायचा. त्यामुळं रंगाचं काम बहुतेक घरातच चालायचं. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं पिळता येईल अशी कथिलाची नळी काढली. टोपण लावा, पिशवीत टाका, निघा. तेव्हापासून तैलरंग घेऊन नदीवर आणि रानात बसणं सोपं झालं.

तैलचित्र आपल्या घराला परकं नाही. भिंतीवरची कमळातली लक्ष्मी किंवा वीणा घेतलेली सरस्वती आठवा. त्यातली कितीतरी चित्रं राजा रविवर्म्यांच्या तैलचित्रांवरून आली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातली चित्रं घरोघरी पोचली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत आपल्या गावी आले. कोटितीर्थ, संध्यामठ, रंकाळा अशी जवळचीच ठिकाणं ते काढत राहिले. चित्रासाठी त्यांना काश्मीर लागलं नाही. मग आपल्याला तरी का लागावं?

आणि बायांचं काय? अंबिका धुरंधर यांचा जन्म १९१२ चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९३१ मध्ये पदविका घेतली. तिथं शिकलेल्या अगदी पहिल्या मुलींपैकी त्या एक. त्यांचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर मोठे चित्रकार होते आणि त्याच संस्थेत शिकवत होते. घरातून हात मिळाला म्हणून त्यांची वाट थोडी सोपी झाली. ज्यांना असा हात मिळाला नाही, त्या किती जणींची बोटं रांगोळीपुरतीच राहिली, ते कोण मोजणार?

आता आमचं सांगतो. आमच्या गटांतल्या नऊ जणींनी मागच्या दिवाळीनंतर ठरवलं, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी दोन तास. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, कर्ज तर मुळीच काढायचं नाही. दरमहा प्रत्येकीनं पन्नास रुपये वेगळे काढायचे आणि रंग सामाईक आणायचे. पहिल्या दिवशी बाभळीच्या बंधाऱ्याकडे गेलो. तुम्हाला ठाऊकच आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर असतात. दारं खाली आली की गोदावरीचं पाणी थांबतं आणि आरशासारखं होतं. तिथं मांडी घालून बसलो, तर येणारा-जाणारा विचारायचा, "काय हरवलं का, बाई?" बाई रानात कामाशिवाय बसली, हेच लोकांना कोडं. पाचव्या-सहाव्या वेळेला मात्र तेच लोक थांबून विचारू लागले, "आमच्या आखाड्यावरचं लिंबाचं झाड कधी काढता?"

सामान फार लागत नाही. पांढरा, लिंबासारखा पिवळा, गेरूचा पिवळा म्हणजे यलो ऑकर, लाल, अल्ट्रामरीन निळा आणि भाजल्या मातीचा तपकिरी म्हणजे बर्न्ट सिएना. सहा नळ्या पुरतात. काळा घेऊ नका. निळा आणि तपकिरी मिसळले की आपली काळी माती हुबेहूब येते. ओली माती काढायची तर निळा थोडा जास्त, वाळलेली काढायची तर पांढरा मिसळा. हिरवासुद्धा विकत नको. पिवळ्यात निळा घाला आणि किंचित लाल लावा, ज्वारीच्या पानाचा हिरवा मिळतो.

कागदावर किंवा कोऱ्या कापडावर सरळ तैलरंग लावू नये, तेल ते कुजवतं. सुताराकडून हार्डबोर्डचा वहीएवढा तुकडा घ्या आणि त्याला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेला असावा, वरचे थर जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा रंग तडकतो. बसताना पाटी सावलीत धरा, छत्री असली तर उत्तम. पाटीवर ऊन पडलं की डोळे दिपतात आणि रंग गडद लागतो. मग घरात आणल्यावर चित्र काळपट दिसतं. दोन तासांपेक्षा जास्त बसू नका, कारण तोवर सावल्या फिरलेल्या असतात. ओलं चित्र घरी न्यायचं कसं? दोन पाट्या समोरासमोर धरायच्या, कोपऱ्यांत काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे ठेवायचे आणि सुतळीनं बांधायच्या. रंग रंगाला लागत नाही. पातळ थर काही दिवसांत वाळतो, जाड थराला आठवडे लागतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन चुलीजवळ आणि लेकरांच्या हाताला येईल असं ठेवू नका, त्याचा वासही बंद खोलीत घेऊ नका. कुंचला आधी करडईच्या तेलात पुसून मग साबणानं धुतला तरी साफ होतो. काही रंग विषारी असतात, म्हणून हात स्वच्छ धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत. रानात एकटीनं जायचं नाही, घरी सांगून जायचं आणि शेतमालकाला विचारून बसायचं. पावसाळ्यात नदीच्या काठापासून लांब राहायचं.

काय काढायचं, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. आपल्या शिवारात बाराही महिने काहीतरी फुललेलं असतं. श्रावण-भाद्रपदात तरोट्याची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे. कुर्डू आपण भाजीसाठी खुडतो, पण त्याचा तुरा कधी निरखला आहे? टोकाला गुलाबी आणि खाली चांदीसारखा पांढरा. नवरात्राच्या सुमाराला बांधावर तरवड पिवळाधमक होतो. आपल्या सीमेवरच्या तेलुगू घरांत बतुकम्मा रचतात, तिच्यात हीच दोन फुलं लागतात, तरवड आणि कुर्डू. तरवडाला त्या तंगेडू म्हणतात आणि तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. आपण त्याच्यावरून शेळ्या हाकत जातो.

मग अंबाडी. फिकट पिवळं फूल, मधोमध गडद लाल डोळा. पौषात जवस निळं होतं. जवसाचं फूल काढायचं तर सकाळी लवकरच बसावं लागतं, ऊन तापलं की पाकळ्या गळून पडतात. करडईचं फूल आधी पिवळं असतं, मग केशरी, जुनं झालं की लाल. एकाच रोपावर तिन्ही रंग दिसतात. माघ-फाल्गुनात पळस, अंगावर पान नाही आणि सगळं झाड पेटल्यासारखं. उन्हाळ्यात बहाव्याचे घोस. एक मात्र जपा, कळलावीचं फूल दुरूनच काढा. तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद तर फारच.

फुलं काढताना आम्हाला एक गोष्ट कळली. प्रत्येक चित्राखाली नाव लिहायचं ठरलं, तर निम्मी नावं आम्हालाच येईनात. शिकलेल्या आम्ही, पण नावं सांगितली ती शाळेची पायरी न चढलेल्या आज्यांनी. कोणत्या पानाची भाजी होते, कोणतं जनावर खात नाही, कोणतं दुखण्याला लावतात, हे सगळं त्यांच्या तोंडी. म्हणून आता बैठकीला एक तरी आजी असतेच. त्या सांगतात, सुना लिहितात.

आणि त्यांनीच सांगितलं, की ह्यातली बरीच फुलं आता शोधावी लागतात. सोयाबीन आणि कापसात तणनाशक आलं. पावसाच्या दिवसांत वाकून वाकून खुरपायचं किती अवघड असतं, ते आपल्या कंबरेला माहीत आहे. म्हणून फवारणाऱ्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण फवारलं की तणाबरोबर खुरपणीची मजुरीही जाते, आणि ती मजुरी बायांची असते. बांधावरची भाजीही जाते आणि फूलही. आमची एवढीच विनंती आहे, पिकात काय करायचं ते करा, पण बांधाची एक कड फवारू नका. तेवढ्या कडेवर तरवड, कुर्डू, तरोटा जगतील आणि मधमाश्याही येतील.

आमच्यातल्या एका ताईंचं शेत रस्त्याच्या कामात गेलं. पैसे मिळाले, ते घरात लागले. त्या शेताचा त्यांच्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता, होता फक्त जुना सातबारा, आणि त्यावर नाव सासऱ्यांचं. त्यांनी तीन सकाळी बसून आठवणीनं आणि शेजारच्या बांधावरून बघून ते शेत काढलं. विहीर, विहिरीवरचा पिंपळ, मागं पळसाची रांग. चित्र फार सुबक नाही, विहीर थोडी वाकडी आहे. पण त्या म्हणाल्या, "वीस वर्षं ह्या शेतात राबले, पण बसून कधी बघितलं नव्हतं." आम्हा सगळ्यांचंच असं आहे. शिवार आपल्या हाताला ओळखतं, पायाला ओळखतं. डोळ्याला निवांत ओळख व्हायला वेळच मिळत नाही.

पैशाचंही स्पष्ट बोलू या. चित्र विकून घर चालेल असं आम्ही सांगणार नाही. आमच्या नऊ जणींची चित्रं अजून विकायला काढलेली नाहीत. सीमेपलीकडच्या निर्मलची चित्रं आणि लाकडी खेळणी दूरवर विकली जातात, पण त्यामागं पिढ्यांचा सराव आहे. आपण आधी हात बसवू. पुढं शुभेच्छापत्रं किंवा फुलांची दिनदर्शिका असं काही सुचलं, तर गटात बसून, हिशेब मांडून ठरवू. आज मिळतं ते एवढंच, पंधरा दिवसांतून दोन तास स्वतःचे. हे दोन तास कुणी दिलेले नाहीत. स्वयंपाक लवकर उरकून आणि जावेला, लेकीला सांगून आम्ही ते काढले. काही घरांत पहिल्यांदा बोलणी बसली. आता त्याच घरांत चित्र देवळीत ठेवलेलं आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं ह्या विषयाला द्या. रंग लगेच आणायची गरज नाही. प्रत्येकीनं येताना आपल्या बांधावरचं एक फूल आणा. ते मधोमध ठेवा आणि गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला त्याचं नाव विचारा. ते नाव वहीत लिहा आणि शेजारी पेन्सिलीनं फूल काढा. वाकडं आलं तरी चालेल. रंगांचं नंतर बघू.

सध्या जवस फुलायला वेळ आहे, पण तरवड उभा आहे. उद्या सकाळी रानात जाताना त्याच्यापाशी घटकाभर थांबा.

नमस्कार.