कर्जाऊ पाच हजार रुपये



पदवीदानाच्या प्रसंगी वक्त्याने दारिद्र्याची महती गावी, असा जो परिपाठ पडून गेला आहे, तो पाळण्यास माझे मन धजत नाही. कारण ज्यांनी भर पावसात चिखलात वाकून रोजाने धानाची रोवणी केली आणि त्या मजुरीतून परीक्षेची फी भरली, त्यांना दारिद्र्य कसे असते हे माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही. दारिद्र्य ही अडचण आहे, आणि अडचणीचा विचार हिशेबानेच करावा लागतो.

ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1954 साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, आणि ज्यांना येथील मतदारांनी निवडून दिले नाही (हे आपण जरा हळू आवाजातच सांगतो), त्यांच्या विद्यार्थिदशेचा जमाखर्च आज तुमच्यापुढे मांडतो. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करारनामा लिहून घेऊन. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन आटोपून ते लंडनला दाखल झाले. परंतु 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. चारचौघे यालाच अपयश म्हणून मोकळे होतात. आंबेडकरांनी मात्र निघण्यापूर्वीच, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. पुढे 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी पत्करली, परळच्या चाळीत काटकसरीने राहून पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. पैशाने ज्यांची वाट तीन वर्षे अडविली, त्यांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळविली ती रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहून! या जमाखर्चात एक रक्कम मात्र कोणी मांडीत नाही: पती विलायतेत असताना रमाबाईंनी मुंबईत ओढगस्तीत काढलेले दिवस.

मला यातून नमूद करावेसे वाटते ते एवढेच, की त्यांनी मदत मागण्यात कमीपणा मानला नाही आणि खंड पडला म्हणून दप्तर गुंडाळले नाही. आपल्याकडे बी-बियाण्यासाठी सोसायटीचे कर्ज काढताना कोणी लाजत नाही. विद्येसाठी हात पसरताना मात्र घराण्याची अब्रू आडवी येते, याचे मला नवल वाटते.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतरांसाठीही निरनिराळ्या योजना आहेत, आणि कित्येक अर्ज गुणांअभावी नव्हे तर कागदपत्रांअभावी बाद होतात. तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीची पायरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी चढू नका. साहेब त्या दिवशी हमखास दौऱ्यावर असतात.