बावखल आणि शेजारधर्म



पावसाने आपली जुनी वहिवाट सोडली आहे, हे वाडीत राबणाऱ्या माणसास निराळे सांगावयास नको. तपमान एका अंशाने वाढले म्हणजे हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून आठवडाभर पडावयाचा पाऊस एका रात्रीत कोसळतो, आणि मधली उघाड लांबते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यास रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या.

यास तोंड कसे द्यावे? आपल्या पूर्वजांनी त्याचे एक उत्तर वाडीतच खणून ठेवले आहे. ते म्हणजे बावखल. जलचक्र शिकविताना आम्ही मुलांस फळ्यावरील ढगाऐवजी त्याच्या काठी नेत असू. पावसाळ्यात ते भोवतालचे पाणी पोटात घेई. ते मुरून विहिरी भरत. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर पानवेल, केळी व फुलझाडे जगत. समुद्रकाठच्या भूमीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. मुरणे थांबले आणि उपसा चालू राहिला, की खारे पाणी वर सरकते व विहीर मचूळ होते. पूर आणि टंचाई या दोहोंची तरतूद एकाच खड्ड्यात होती.

आज बावखलांत भराव पडत आहे. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, भावाभावांची वाटणी यांपायी जमीन विकावी लागणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु एकाने भराव घालून जोते उंच केले, की त्याच्या दारचे पाणी शेजाऱ्याकडे जाते. शेजारी आपले जोते उंच करतो. असे करता करता, ज्यापाशी भरावास पैसा नाही त्याच्या चुलीत ते पाणी शिरते. स्वतःपुरती केलेली तरतूद ही तरतूद नव्हे. ते संकट दुसऱ्याच्या दारी लोटणे होय.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. उरलेली बावखले वाटणीपत्रात सामाईक ठेवावीत व दर वैशाखात त्यांतील गाळ काढावा. छपराचे पाणी गटारात न सोडता गाळून विहिरीत सोडावे. आणि मृगापूर्वी प्रत्येक आळीने वृद्ध, आजारी व एकट्या माणसांची यादी करून, कोणाच्या माडीवर कोण जाईल हे ठरवावे. त्या यादीत ज्ञात पाहू नये, कारण पाणी ती पाहत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. आणि गाव करी ते राव न करी. वार्षिक स्नेहभोजनातील एक पदार्थ कमी करून त्या पैशातून पहिल्या बावखलाचा गाळ काढावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.