कोयता घेताना काय बघायचं?

आजचा विषय ऐकून काहीजण दचकतील, कारण पुण्यात कोयता म्हटलं की लोकांना बातमी आठवते. पण आमच्या कोयनानगरकडे कोयता म्हणजे रोजचं अवजार. कुंपण, सरपण, राबासाठी टहाळ, सगळं त्याच्यावरच. मी आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीला गावी कुंपण करतो. त्यामुळे मित्रांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "ऑनलाइन एक भारी मचेट दिसतंय, घेऊ का?"

माझं उत्तर : नको. आधी काय तोडायचंय ते सांग.

आमच्याकडे पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास. लाकडी खांब कुजतात, तार गंजते. म्हणून बांधावर निर्गुडी, करवंद, शेर असं जिवंत कुंपण ठेवायचं आणि मधल्या भोकात काट्यांच्या फांद्या दाबायच्या. गवा आला तर तो काही थांबत नाही, ते सोडा. पण गुरं थांबतात. आता करवंदीचं जुनं खोड चिवट असतं, त्यात ते बांधाच्या दगडाला चिकटून वाढलेलं. ऑनलाइनचं लांब, पातळ पातं त्याच्यावर आपटलं की थरथरतं आणि उसळतं. उसळलेलं पातं कुठं जाईल? बहुतेक वेळा डाव्या हाताकडे, ज्यानं तुम्ही फांदी धरलेली असते.

कराडच्या बाजारातही हीच गडबड होऊ शकते. तिकडं उसाचा पट्टा, त्यामुळे ऊसतोडीचा कोयता सहज मिळतो. तो हलका आणि पातळ, कारण दिवसभर हात चालवायचा असतो. उसाला तो उत्तम. करवंदीला मात्र जाड पाठीचा, टोकाला आत वाकलेला कोयता पाहिजे. त्या वाकड्या चोचीनं काटेरी फांदी लांबूनच ओढता येते. इंग्लंडमध्ये कुंपणाला 'बिलहूक' वापरतात, तोही असाच चोचीचा, आणि तिथंही भागाभागाप्रमाणे त्याचा आकार बदलतो. तिथले लोक खोड बुंध्याशी अर्ध्याहून जास्त कापून आडवं झोपवतात. सालीच्या पट्टीवर ते जगतं आणि नवे फुटवे येतात. त्या कामाला धार किती नेमकी लागत असेल बघा.

वजनाबद्दल आमचे आबा म्हणतात, "कोयता हातात धरला की त्यानं स्वतःहून पुढं झुकावं." म्हणजे वजन टोकाकडे हवं. मग जोर पातं लावतं, तुमचा खांदा नाही.

आता पोलाद. गावाकडचे लोहार बऱ्याचदा ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतात. भंगार म्हणून नाक मुरडू नका. स्प्रिंगचं पोलाद आहे ते, वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं. खरी कसोटी पाणी देण्यात असते. लाल तापवून विझवलं की धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून परत थोडं तापवून तिला नरम करावं लागतं. घेताना खिशात छोटी कानस ठेवा. धारेवर फिरवल्यावर कानस नुसती घसरली, तर धार दगडावर तुटणार. साबणासारखी आत रुतली, तर धार वळणार. हलकीशी चावली पाहिजे.

मग मूठ. पात्याची शेपटी मुठीत किती खोल गेलीय ते विचारा आणि तोंडाशी लोखंडी कडी घट्ट आहे का ते बघा. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि मे महिन्यात पातं निसटू शकतं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं ही दोन दिवसांची मलमपट्टी. कुऱ्हाड घेत असाल तर दांडा धामणीचा बघा, चिवट असतो आणि हाताला झटका कमी बसतो. पण कुंपणाला कुऱ्हाड क्वचितच लागते. पहिल्या खरेदीत ती नकोच.

कायद्याचंही ऐका. शेतीचं अवजार म्हणून कोयता ठेवणं गुन्हा नाही. पण इथं १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. तेव्हा कंबरेच्या आकडीला कोयता अडकवून ट्रेकला निघू नका. आणि स्वतःच्या बांधावरचा हिरडा, ऐन किंवा जांभूळ बुंध्यातून पाडायलाही परवानगी लागते.

शेवटचा मुद्दा, माझ्यासाठी सगळ्यात मोठा. धार घरी दगडावर लावता येते, पण काही वर्षांनी पातं झिजतं, तेव्हा ते भट्टीत घालून परत ठोकावंच लागतं. मचेटवाली कंपनी ते करणार नाही. लोहार करतो. पण त्याची मुलं माझ्यासारखीच पुण्यामुंबईला, भाता फुंकायला माणूस नाही. कोयत्याला तो जे मागतो, तेवढे पैसे आपण एका पिझ्झाला देतो आणि त्याच्याकडे मात्र घासाघीस करतो. मी करत नाही.

डावखुरे असाल तर आधीच सांगा, धार त्या हिशोबानं काढून देतो तो. आणि जाणार असाल तर फेब्रुवारीत जा. मेमध्ये पेरणीची सगळी अवजारं त्याच्या दारात येऊन पडतात, मग तुमच्या कोयत्याचा नंबर मिरगाच्या पावसानंतरच.