ग्रंथालयांत आलेली आजीची गोष्ट

नाताळ म्हटला कीं आपल्या मनांत पंचवीस डिसेंबर ही एकच तारीख उभी राहते. परंतु स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील मुलांचा सण त्या दिवशीं संपत नाहीं. त्यांचें डोळे लावून बसणें असतें तें सहा जानेवारीसाठीं. बेथलेहेमच्या बालकाला पाहावयास पूर्वेकडून तीन राजे आले, त्यांचा हा दिवस. पोर्तो रिको बेटांत आदल्या संध्याकाळीं मुलें हिरवें गवत उपटून आणतात, तें एका खोक्यांत भरतात आणि खोकें खाटेखालीं सरकवून ठेवतात. गवत कोणासाठीं, तर दूरवरून दमून येणाऱ्या राजांच्या जनावरांसाठीं. सकाळीं गवत नाहींसें झालेलें असतें आणि त्याच्या जागीं खेळणीं असतात. आतां हींच मुलें आईबापांबरोबर न्यूयॉर्कच्या चार-पांच मजली चाळींत राहावयास आलीं, तर गवत आणावयाचें कोठून, आणि राजांनीं यावयाचें तरी कोणत्या जिन्यानें?

ह्या प्रश्नाला तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत नव्यानेंच कामावर लागलेल्या एका तरुणीनें पुढें जें उत्तर दिलें, त्याची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहें. तिचें नांव पूरा बेलप्रे. ती सिद्रा नांवाच्या गांवची. १९१९ मध्यें शिक्षिका होण्याच्या हेतूनें ती बेटावरील विद्यापीठांत दाखल झाली होती. १९२० मध्यें बहिणीच्या लग्नासाठीं ती न्यूयॉर्कला आली आणि तेथेंच राहिली. पोर्तो रिको हें बेट १८९८ मध्यें स्पेनच्या हातून अमेरिकेच्या ताब्यांत गेलेलें, आणि १९१७ पासून तेथील रहिवाशांना अमेरिकेचें नागरिकत्व मिळालेलें. त्यामुळें परवान्याची अडचण नव्हती. आगबोटीचें भाडें जमलें कीं माणूस न्यूयॉर्कला निघे. तेथें पोहोंचल्यावर पुरुष चिरुटांच्या कारखान्यांत चिरूट वळीत, बायका कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करीत. बेलप्रेबाईंची पहिली नोकरी अशीच कपड्यांच्या धंद्यांतील होती.

हार्लेम भागांत १३५ व्या रस्त्यावर ग्रंथालयाची एक शाखा होती. अर्नेस्टाइन रोज ह्या तेथील प्रमुख. आपल्या आसपास कोणतीं माणसें राहावयास आलीं आहेत, हें खिडकींतून पाहून त्याप्रमाणें ग्रंथालय बदलावें, अशा विचारांची ही बाई होती. शेजारीं स्पॅनिश बोलणारीं कुटुंबें वाढूं लागलीं, तेव्हां त्यांची भाषा जाणणारें कोणीतरी मेजापाशीं असलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें, आणि १९२१ मध्यें बेलप्रेबाईंना साहाय्यक म्हणून घेतलें. त्या नगरग्रंथालयाच्या नोकरींत शिरलेली पोर्तो रिकोची ही पहिली व्यक्ति.

ह्या ग्रंथालयाच्या बालविभागाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०६ पासून तो विभाग अ‍ॅन कॅरॉल मूर ह्यांच्याकडे होता. त्यापूर्वीं पुष्कळशा ग्रंथालयांत लहान मुलांना दारांतूनच परत फिरविण्याची वहिवाट होती. मूरबाईंनीं त्यांना आंत घेतलें आणि त्यांच्या हातीं पुस्तकें दिलीं. पुस्तक जपून वापरीन, नियम पाळीन, अशा वचनाखालीं एका मोठ्या वहींत मुलानें आपल्या हातानें सही करावयाची, कीं तें सभासद झालें! सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नांवानें कांहीं मिळण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

दुसरी प्रथा होती गोष्टींच्या तासाची. मुलें जमलीं कीं सांगणारी एक मेणबत्ती पेटवी. ती जळत आहे तोंवर गोष्ट चालावयाची. गोष्ट संपल्यावर मनांत एक इच्छा धरावयाची आणि ज्योत फुंकरीनें विझवावयाची. आपल्याकडे दिव्याला फुंकर घालणें अशुभ मानतात. तेथें तीच खूण आनंदाची. येथें एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गोष्ट वाचून दाखविणें निराळें आणि गोष्ट सांगणें निराळें. वाचणाऱ्याचे डोळे पानावर असतात; सांगणाऱ्याचे समोरच्या चेहऱ्यांवर. ह्या ग्रंथालयांत गोष्ट सांगणारीनें ती पुरती तोंडीं बसवूनच मुलांपुढें यावें, असा दंडक होता आणि त्याचें रीतसर शिक्षण दिलें जाई.

मात्र एक अटही होती: जी गोष्ट सांगावयाची ती छापील पुस्तकांतील असली पाहिजे. अटीमागील हेतु चांगला होता. गोष्ट ऐकून उठलेल्या मुलाच्या हातीं तें पुस्तक लगेच देतां यावें, असा तो विचार. पण नेमकी येथेंच अडचण होती. लोककथांच्या फळीवर पुस्तकें लावतां लावतां बेलप्रेबाईंच्या ध्यानांत आलें, कीं निरनिराळ्या देशांच्या कथा येथें आहेत, आपल्या बेटाची मात्र एकही नाहीं. बेटावर कथांचा तुटवडा होता म्हणून नव्हे. तिच्या स्वतःच्या आजीपाशीं त्यांची खाणच होती. पण आजीनें सांगितलेली गोष्ट आजीच्या तोंडींच राहिली होती. ती कोणी छापली नव्हती, म्हणून ती फळीवर नव्हती, आणि फळीवर नव्हती म्हणून मेणबत्तीपुढें सांगतां येत नव्हती. ज्यांची संस्कृति आजवर मुखानेंच चालत आली, त्यांची मुलें अशा ग्रंथालयांत गेलीं, तर आपल्यापाशीं सांगण्यासारखें कांहींच नाहीं, अशी समजूत करून घेऊनच तीं घरीं परतणार!

बेलप्रेबाईंनीं तक्रारअर्ज केला नाहीं. १९२५ च्या सुमारास ग्रंथालयाच्याच शाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. कथाकथनाचा वर्ग मेरी गूल्ड डेव्हिस चालवीत. त्या वर्गासाठीं बेलप्रेबाईंनीं आजीची एक गोष्ट कागदावर उतरविली आणि सांगून दाखविली. ती गोष्ट पेरेझ आणि मार्टिना ह्यांची.

मार्टिना ही एक झुरळीण. पण साधीसुधी नव्हे, मोठ्या रीतीभातीची आणि टापटिपीची. अंगण झाडतांना तिला एक नाणें सांपडतें. ह्याचें काय घ्यावें, असा पुष्कळ विचार करून ती तोंडाला लावण्याची पावडर विकत घेते आणि नटून सज्जांत बसते. मग मागणी घालावयास एकेक वर येऊं लागतो. ती प्रत्येकाला विचारते, तुम्ही माझ्याशीं बोलाल तरी कसें? मांजर आपल्या आवाजांत बोलून दाखवितें, कोंबडा आपल्या. पण त्या आवाजांनीं ती दचकते आणि नकार देते. शेवटीं येतो पेरेझ नांवाचा उंदीर. त्याचें बोलणें इतकें मृदु, कीं ती तत्काळ होकार देते. आपल्या पंचतंत्रांतील मूषककन्येसाठींही सूर्य, मेघ, वारा आणि पर्वत ह्यांना सोडून शेवटीं उंदीरच पसंत करावा लागला. हें उंदरांचें भाग्य देशोदेशीं सारखेंच दिसतें.

पुढें नाताळ येतो. नवऱ्याला कांहींतरी गोड करून घालावें, म्हणून मार्टिना मोठ्या भांड्यांत तांदूळ, बदाम आणि बेदाणे घालून पक्वान्न शिजत ठेवते. ऐकतांना आपल्याला केशराविना साखरभात आठवावा! वासानें मोहित झालेला पेरेझ चव पाहावयास भांड्याच्या कांठावर चढतो, तळाचा बदाम काढण्यासाठीं वांकतो आणि आंत पडतो. मार्टिना रडत रडत त्याचीं गाणीं गाते आणि गोष्ट तेथेंच संपते. कोणी देव येत नाहीं, उंदीर जिवंत होत नाहीं. सणाच्या दिवसांत लहान मुलांना असा शेवट सांगावा काय, असें आपल्यापैकीं कांहींच्या मनांत येईल. मला वाटतें, अवश्य सांगावा. शेवट गोड करून घेण्याची हौस मोठ्यांना असते. मुलांना गोष्ट जशी असेल तशीच हवी असते, आणि तींत एक शब्द जरी बदलला तरी तीं आपल्याला थांबवितात.

ती कथा ऐकल्यावर बेलप्रेबाईंना अपवाद म्हणून परवानगी मिळाली: छापील पुस्तक नसलें तरी त्यांनीं आपल्या कथा गोष्टींच्या तासाला सांगाव्या. नियम मोडला नाहीं. त्यांत एक खिडकी पाडली गेली.

१९२९ मध्यें त्यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेंत झाली, कारण पोर्तो रिकोचीं कुटुंबें आतां त्या बाजूला दाट झालीं होतीं. परदेशांतून आलेल्यांच्या मुलांनीं लवकरांत लवकर इंग्रजी बोलूं लागावें आणि घरची भाषा मागें टाकावी, हेंच त्या काळीं अमेरिकेंत हिताचें मानलें जाई. बेलप्रेबाई कथा स्पॅनिशमध्येंही सांगत आणि इंग्रजींतही. ह्यानें इंग्रजीची हानि होते, असें त्यांना वाटलें नाहीं. ग्रंथालय म्हणजे इंग्रजी जाणणाऱ्यांची जागा, आपलें तेथें काय काम, अशा संकोचानें दूर राहणाऱ्या आईबापांना भेटावयास त्या चर्चमध्यें जात, वस्तींतील संस्थांत जात आणि त्यांना बोलावून आणीत. मुलाबरोबर आई आली कीं तिलाही समजेल अशी गोष्ट चालू असे. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या खोलींत आईला भाषा कळत नाहीं, तेथें मूल आईचें दुभाषी होतें आणि हळूहळू तिच्याहून मोठें होऊन बसतें. ज्या खोलींत तिची भाषा मेणबत्तीपुढें बोलली जाते, तेथें ती पुन्हां आई होते.

ह्याच शाखेंत तीन राजांचा सण साजरा होऊं लागला. ग्रंथालयाच्या दिवाणखान्यांत गाणीं, नाच आणि गोष्टी; मुलें राजे झालेलीं; आईबाप बाकांवर दाटीनें बसलेले. राजांना जिना सांपडला तो असा. त्या जिन्याला न्यूयॉर्क शहराच्या तिजोरींतून पैसा मिळत होता, ही गोष्ट विसरूं नये. सण घरांत करणें सोपें. सरकारी इमारतींत, सर्वांसमक्ष, आपल्या भाषेंत करणें ह्याला निराळें मोल आहे.

आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांतही ही अडचण निराळ्या रूपानें येते. मुलाला रंगीत इंग्रजी पुस्तक वाचून दाखवितांना आपण वेळ पाहत नाहीं. आणि शेजारच्या खोलींतील आजी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगूं लागली, तर ती कोठल्या पुस्तकांत आहे, असें तिचाच नातू विचारतो.

१९३२ मध्यें ‘पेरेझ आणि मार्टिना’ पुस्तकरूपानें निघालें आणि ती अट आपोआप पुरी झाली: गोष्ट ऐकून उठलेल्या मुलाच्या हातीं आतां पुस्तक देतां येऊं लागलें. १९४३ मध्यें संगीतकार क्लॅरेन्स कॅमरॉन व्हाइट ह्यांच्याशीं बेलप्रेबाईंचा विवाह झाला आणि त्यांनीं नोकरी सोडली. १९६० मध्यें ते वारल्यावर त्या पुन्हां ग्रंथालयांत आल्या आणि उतारवयांतही बाहुल्यांच्या खेळांतून कथा सांगत राहिल्या. १९८२ मध्यें त्यांचें निधन झालें. १९९६ पासून त्यांच्या नांवानें अमेरिकेंत एक पारितोषिक देण्यांत येतें. ज्या फळीवर एके काळीं त्यांना आपलें एकही पुस्तक सांपडलें नाहीं, त्या फळीसाठीं लिहिणाऱ्या आणि चित्रें काढणाऱ्या लॅटिन अमेरिकन वंशाच्या लेखक-चित्रकारांना तें मिळतें.