पूर, भूकंप आणि आपले घर



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी संकटाचा विषय काढावा, हे कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु घर उभे असतानाच त्याची चिंता वाहणे उपयोगाचे. ते पडल्यावर शहाणपण सुचून लाभ तो काय?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा गावाचे उदाहरण घ्या. २०२२ च्या जुलैत तेथे मुसळधार पर्जन्य झाला आणि आसना नदीचे पाणी गावात शिरून घराघरांत उभे राहिले. पुढे दोन वर्षेही लोटली नाहीत, तोच २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास या प्रदेशाची भूमी हादरली, तीव्रता ४.५ नोंदली गेली. त्याच वर्षी १० जुलैस, सकाळी सव्वासातच्या सुमारास, तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. त्याचा केंद्रबिंदू शेजारच्या कळमनुरी तालुक्यात होता.

आता गृहिणीची अडचण पाहा. पुराच्या भयाने ती सारे चीजवस्तू माळ्यावर चढविते. भूकंप होताच तेच ओझे निजलेल्या लेकरांच्या अंगावर येते. एक संकट म्हणते वर चढा, दुसरे म्हणते बाहेर पळा. यावर माझ्या मते एकच तोड आहे : हलके ते वर, जड ते खाली. कागदपत्रे, औषधे, काड्यापेटी, विजेरी व थोडे बियाणे मेणकापडात बांधून उंच खुंटीस अडकवावे. धान्याच्या कोठ्या मात्र माळ्यावर न चढविता पक्क्या, उंच ओट्यावर ठेवाव्यात.

छपरावरील दगडांविषयी थोडे अधिक बोलतो. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण त्यांवर धोंडे ठेवितो. २०२४ च्या मार्चमधील धक्क्यानंतर प्रशासनाने ते उतरविण्याची सूचना केली, ती अगदी रास्त होती. परंतु नुसते धोंडे उतरविल्यास पहिल्याच वावटळीत पत्रे जातील. म्हणून आधी पत्रे आकड्यांनी व बोल्टांनी वाशांस जखडावेत, मग धोंडे काढावेत. हा खर्च प्रपंचास जड नाही. लग्नकार्यातील एका पंगतीहूनही तो बहुधा कमीच भरेल! ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगावली, ती मुख्यत्वे चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. लोक झोपेत होते. यास्तव खाट जुन्या भिंतीपासून दूर असावी आणि दाराच्या वाटेत रात्री पोती, सायकल असे काही नसावे.

पाणी चढू लागताच, ते घरात येण्यापूर्वीच, विजेचा मुख्य खटका बंद करावा. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी तुरटी फिरविल्याने नितळ दिसते, पण तेवढ्याने ते निर्दोष होत नाही. चांगले उकळूनच प्यावे.

पुराने रस्ता बुडाला म्हणजे सरकारी मदत निघाली तरी पोहोचावयास वेळ लागतो. तेवढा वेळ शेजारीच शेजाऱ्याच्या कामी येतो. म्हणून आळीतील म्हातारी, आजारी, बाळंतीण कोण, आणि तिला उचलून कोण नेणार, हे आधीच ठरवून ठेवावे. गोठ्याचीही आठवण असू द्या. दावणीस बांधलेले जनावर पाण्यात जागीच बुडते; सोडलेले बहुधा पोहून जाते. ओल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही. विळा गोठ्याच्या दारीच, हाताशी लागेल असा टांगलेला असावा.